डॉप्लर नाही आणि पाय सुजलाय: रात्रीपुरता निर्णय कसा घ्यायचा

शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला येणारा एक फोन मला आता पाठ झाला आहे. कधी भोरहून, कधी वेल्ह्याहून, कधी जुन्नरच्या बाजूने. "सर, पेशंटची पोटरी सुजलीय, डी-डायमर पॉझिटिव्ह आलाय. काय करू?" मी विचारतो, "डी-डायमर पाठवायच्या आधी वेल्सचा स्कोअर किती होता?" मग थोडा वेळ फक्त वॉर्डातल्या पंख्याचा आवाज.

संशय असतो तो पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचा. डी-डायमर ही त्यासाठीची रक्ताची तपासणी, आणि वेल्सचा स्कोअर म्हणजे पेशंट तपासून गुणांनी काढलेली गुठळीची शक्यता. हा स्कोअर काढलेला नसतो. आधी तपासणी, मग विचार असा उलटा क्रम झालेला असतो, आणि पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

पुणे शहरात व्हेनस डॉप्लर, म्हणजे गुठळी दाखवणारी शिरांची सोनोग्राफी, करणारी केंद्रं पुष्कळ आहेत. पण शनिवारी रात्री रेडिऑलॉजिस्ट निघून गेलेला असतो, दिवाळीत चार-चार दिवस कुलूप असतं, आणि वेल्ह्याच्या पेशंटला तर शहर कात्रजच्या पलीकडे. हा लेख त्या मधल्या बारा ते चोवीस तासांसाठी आहे. वाचणारे ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी, गावातले फॅमिली डॉक्टर आणि सिस्टर असतील असं धरून लिहितोय. घरी कोणाचा पाय सुजला म्हणून हे वाचत असाल, तर पहिला टप्पा तुमच्याही कामाचा. औषधाचे डोस मात्र डॉक्टरांसाठी आहेत, स्वतःहून काही घेऊ नका.

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकू. डॉप्लरशिवाय "गुठळी आहे" असं छातीठोक सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच: कोणाला घरी पाठवायचं, कोणाला आज रात्रीच रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचं, आणि कोणाला आत्ताच्या आत्ता गाडीत घालायचं.

तयारी: दिवसाउजेडी करायची कामं

शिंप्याकडची कापडी मापपट्टी, बॉलपेन, चालू वजनकाटा, पल्स ऑक्सिमीटर, डी-डायमरच्या रक्तासाठी निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूब आणि इनॉक्सापॅरिनच्या, म्हणजे रक्त पातळ करायच्या इंजेक्शनच्या, भरलेल्या सिरिंज. सामान एवढंच. ताणून सैल झालेली मापपट्टी टाकून द्या.

सामानापेक्षा महत्त्वाचे दोन फोन. पहिला लॅबला, तीन प्रश्नांसाठी: डी-डायमर आकड्यात देता की नुसतं कार्डावर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह? एकक कोणतं, एफईयू की डीडीयू? रविवारी कितीपर्यंत उघडे? उत्तरं कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. दुसरा फोन डॉप्लर केंद्राला: रविवारी कोण येतं आणि किती वाजता?

सावधान: एखादा मित्र "माझं पोर्टेबल मशीन घेऊन येतो" म्हणाला तर नको म्हणा. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली नोंदणीशिवाय सोनोग्राफी मशीन वापरता येत नाही, मग ते पोटासाठी असो की पायासाठी.

टप्पा १: थांबू नये असे पेशंट वेगळे काढा

मापपट्टी हातात घेण्याआधी दोन मिनिटं हे पाहा.

दम लागतोय का? श्वास घेताना छातीत टोचतंय का? चक्कर येऊन पडला का, खोकल्यातून रक्त आलं का? नाडी शंभरच्या वर किंवा ऑक्सिजन कमी आहे का? यातलं काहीही असेल तर गुठळी फुप्फुसात गेल्याचा संशय धरायचा. ऑक्सिजन लावा, १०८ बोलवा, आणि सीटी अँजिओग्राफी होईल अशाच ठिकाणी पाठवा. पायाच्या स्कोअरमध्ये वेळ घालवू नका.

दुसरं, पायाचा रंग. अख्खा पाय टणक, निळसर-जांभळा आणि वेदना असह्य असतील, तर मुख्य शिरा पूर्ण तुंबली असण्याची शक्यता आहे. असा पाय गमवावा लागू शकतो, त्यामुळे ही केस सकाळवर ढकलायची नाही.

तिसरं, पाय गार आहे का? पांढरा फटक, मुंग्या, पावलावरची नाडी लागत नाही, ही धमनी बंद पडल्याची लक्षणं. तिथे घड्याळ याहून वेगाने पळतं.

चौथी गोष्ट आपल्या भागातली. भातलावणीच्या दिवसांत शेतातून आलेला, काही तासांत सुजलेला पाय असेल तर घोट्याभोवती दाताच्या खुणा शोधा. फुरसं किंवा घोणस चावल्याचं अंधारात, चिखलात कळतंच असं नाही. मी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची साधी काचनळीतली चाचणी लावून ठेवतो. त्यात नुकसान काही नाही.

तपासून घ्या: या चारही गोष्टी "नाही" असं केसपेपरवर लिहिलं का? लिहिलं नसेल तर पाहिलं नाही असं समजा.

टप्पा २: दोन्ही पाय, जांघेपर्यंत

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या लाजेपोटी होतात. बाई साडी गुडघ्यापर्यंत वर घेते, आजोबा लेंग्याचा एकच पाय वर सरकवतात, आणि आपण तेवढ्यावर समाधान मानतो. मांडीची सूज मग दिसतच नाही. पडदा ओढा, सिस्टरना बोलवा, आणि दोन्ही पाय जांघेपर्यंत उघडे करून शेजारी शेजारी पाहा. दुखरा पाय एकट्याने काही सांगत नाही.

मोजमाप असं:

पेशंटला उताणं झोपवा, पाय सैल सोडायला सांगा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथे पेनाने रेघ मारा. तिथून सरळ खाली १० सेंमी मोजून दुसरी रेघ. त्या रेघेवर मापपट्टी आडवी फिरवा, कातडीला चिकटेल पण रुतणार नाही इतपत. आकडा लिहा. मग दुसऱ्या पायावर पुन्हा उंचवट्यापासून १० सेंमी मोजा. नजरेने "साधारण समोरासमोर" पट्टी लावू नका. पोटरी निमुळती असते, दोन सेंमी वरखाली झालं तरी माप बदलतं आणि नसलेला फरक दिसायला लागतो.

३ सेंमी किंवा त्याहून जास्त फरक हा स्कोअरमध्ये धरायचा. पेनाची रेघ पुसू नका, उद्याचं माप तिथेच घ्यायचं आहे.

मग अंगठ्याने नडगीवर दहा सेकंद दाबून धरा. खड्डा एकाच पायावर पडतो की दोन्हींवर? दोन्हींवर पडत असेल तर हृदय, किडनी, लिव्हर आणि रक्तदाबाच्या गोळ्यांकडे, विशेषतः अम्लोडिपिनकडे, बघावं लागेल. पालखीच्या दिवसांत दिवे घाट चढून सासवडला पोचलेल्या वारकऱ्यांचे पाय बहुधा असेच, दोन्ही सारखे सुजलेले असतात. एखाद्याचा एकच पाय ठळक सुजलेला दिसला की मात्र त्याला रांगेतून बाहेर काढायचं.

शेवटी पोटरीच्या मधोमध, गुडघ्यामागच्या खळग्यात आणि मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत हलक्या बोटांनी दाबत जा. खोल शिरेचा मार्ग हाच.

सावधान: पाऊल वर वाकवून पोटरी दुखते का ही होमन्सची खूण पाहू नका असं मी म्हणत नाही, पण तिच्यावर काही ठरवू नका. गुठळी असून ती न मिळणं आणि गुठळी नसताना मिळणं, दोन्ही रोजचं आहे.

सावधान: पाय चोळू नका, चोळू देऊ नका. "शीर आखडली" म्हणून तेल लावून, शेक देऊन, चांगला रगडूनच पेशंट आपल्याकडे येतो. कितीदा चोळलं हे विचारा आणि तिथेच थांबवा.

टप्पा ३: दुसरं काही असू शकतं का?

स्कोअरमधला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे, म्हणून तो स्कोअरच्या आधी सोडवायचा.

पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, त्यातून वर चढलेली लाली, थंडी वाजून ताप, जांघेत अवधाण: हे सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचं इन्फेक्शन. चालता चालता पोटरीवर कुणी मागून दगड मारल्यासारखं झालं, आणि दोन दिवसांनी घोट्याजवळ काळंनिळं उतरलं: स्नायू फाटला. जुनी गुडघेदुखी, गुडघ्यामागे गोळा होता तो अचानक गेला आणि पोटरी सुजली: बेकरची गाठ फुटली. कातडीलगत दोरीसारखी दुखरी लाल शीर: वरच्या शिरेची सूज. ती जांघेजवळ पोचली असेल तर डॉप्लर लागतोच.

यातलं कोणतंही निदान गुठळीला बाहेर काढत नाही. दोन्ही एकत्र नांदतात.

टप्पा ४: वेल्सचा स्कोअर, रक्त काढण्याआधी

मोबाईलवर काढत असाल तर नीट पाहा. वेल्सचे स्कोअर दोन आहेत, एक पायातल्या गुठळीचा आणि एक फुप्फुसातल्या. नाडीचा वेग विचारला गेला की समजा चुकीचा उघडला आहे.

प्रत्येकी १ गुण:

- कॅन्सर, ज्याचे उपचार चालू आहेत किंवा गेल्या सहा महिन्यांत झाले
- पायाला लकवा, किंवा नुकतंच पायाला प्लास्टर
- तीन दिवस किंवा जास्त अंथरुणाला खिळलेला, किंवा गेल्या १२ आठवड्यांत भूल देऊन मोठी शस्त्रक्रिया
- खोल शिरेच्या मार्गावर दुखरेपणा
- अख्खा पाय सुजलेला
- पोटरीत ३ सेंमी किंवा जास्त फरक
- फक्त त्याच पायावर खड्डा पडणारी सूज
- कातडीवर नव्याने फुगलेल्या शिरा (जुन्या व्हेरिकोज शिरा धरायच्या नाहीत)
- पूर्वी सिद्ध झालेली पायातली गुठळी

आणि उणे २: गुठळीइतकंच किंवा त्याहून जास्त शक्य असं दुसरं निदान असेल तर.

बेरीज २ किंवा जास्त आली तर गुठळी "संभाव्य", १ किंवा कमी तर "असंभाव्य". या शब्दांनी फसू नका. असंभाव्य गटातही साधारण वीसांत एकाला गुठळी निघते, आणि संभाव्य गटात साधारण चारांत एकालाच.

त्या उणे दोनने मला एकदा चांगलाच धडा दिला. घोट्याचं प्लास्टर काढून आठवडा झालेला चाळिशीतला माणूस, पोटरीत साडेतीन सेंमी फरक, शिरेच्या मार्गावर दुखरेपणा. तीन गुण. पोटरी जरा लाल आणि गरम होती म्हणून मी "सेल्युलायटिस" लिहिलं, दोन वजा केले, उरला एक. ताप नव्हता, जखम नव्हती, चिखल्या नव्हत्या. डी-डायमर पॉझिटिव्ह आला, तर "इन्फेक्शनमुळे येतोच" म्हणत अँटिबायोटिक देऊन घरी पाठवला. पाचव्या दिवशी तो मांडीपर्यंत सुजलेला पाय घेऊन परत आला, गुठळी जांघेखालच्या शिरेपर्यंत पोचलेली होती. तो बरा झाला, पण त्याच्या बायकोने "डॉक्टर, त्या दिवशी तुम्ही काहीच नाही म्हणाला होतात" असं म्हटलं त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून उणे दोन लिहायचे तर बोट ठेवून दाखवता येईल असा पुरावा शेजारी लिहितो. पुरावा नसेल तर वजाबाकी नाही.

टप्पा ५: डी-डायमर, कोणासाठी आणि कसा वाचायचा

ही चाचणी गुठळी नाही हे सांगायला चांगली, आहे हे सांगायला निरुपयोगी. ताप, डेंग्यू, न्यूमोनिया, शस्त्रक्रिया, मार, कॅन्सर, गरोदरपण, नुसतं वय, यातलं काहीही तो वाढवतं. म्हणून वॉर्डात दहा दिवस पडून असलेल्या पेशंटचा डी-डायमर पाठवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

असंभाव्य गट आणि डी-डायमर निगेटिव्ह: गुठळीचा विचार सोडा, दुसरं कारण शोधा, आणि सूज वाढली तर परत यायला सांगा.
असंभाव्य गट आणि पॉझिटिव्ह: डॉप्लर हवाच. त्या प्लास्टरवाल्या पेशंटच्या वेळी माझी दुसरी चूक हीच होती.
संभाव्य गट: निगेटिव्ह आला तरी डॉप्लर चुकत नाही. मग रक्त काढायचं कशाला? तर डॉप्लरनंतरचा निर्णय त्यावर ठरतो म्हणून. टप्पा ७ मध्ये येतंच.

आकडा वाचताना एकक आधी पाहा. ०.५ मिग्रॅ प्रति लिटर आणि ५०० नॅनोग्रॅम प्रति मिली हे एकच. एफईयूमध्ये मर्यादा ५००, पण डीडीयूमध्ये तीच साधारण २५०. "३८०, म्हणजे नॉर्मल" असं सांगणारा फोन मला आला आहे. रिपोर्ट डीडीयूमध्ये होता.

पन्नाशीच्या पुढे एफईयूची मर्यादा वयाला दहाने गुणून काढा. ६२ वर्षांच्या बाईंची मर्यादा ६२०. त्यांचा आकडा ५८० आला तर तो निगेटिव्ह.

सावधान: ट्यूब खुणेपर्यंत भरा. रक्त कमी पडलं तर सायट्रेटचं प्रमाण बिघडतं आणि आकड्यावर भरवसा राहत नाही.
सावधान: रक्त आधी, इंजेक्शन नंतर. पेशंट आधीपासून रक्त पातळ करणारं औषध घेत असेल किंवा सूज येऊन दोन आठवडे उलटले असतील, तर निगेटिव्हवर विसंबू नका.
सावधान: कार्डावरची झटपट चाचणी तेवढी संवेदनशील नसते. तिच्या निगेटिव्हवर गुठळी नाही म्हणायचं ते स्कोअर शून्य किंवा उणे असेल तेव्हाच.

गरोदर स्त्रीला यातलं काही लागू होत नाही. वेल्सचा स्कोअर तिच्यासाठी बनलेला नाही आणि डी-डायमर तसाही वाढलेला असतो. गरोदरपणात गुठळी बहुतेकदा डाव्या पायात होते, त्यामुळे डावा पाय सुजला, पोटरीत २ सेंमी फरक आहे, त्यातून पहिले तीन महिने असतील, तर संशय पक्का धरा आणि डॉप्लर होईपर्यंत इनॉक्सापॅरिन द्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या नाहीत. बाळंतिणीलाही, विशेषतः सिझर झालं असेल तर, "अंगावर सूज असतेच" म्हणून परत पाठवू नका.

टप्पा ६: पहिला डोस

डॉप्लर चार तासांत होणार नसेल आणि पेशंट संभाव्य गटातला असेल, तर रक्तस्रावाचा धोका पाहून डोस द्यायचा. असंभाव्य गटातल्या पॉझिटिव्ह पेशंटलाही तेच. आणि असंभाव्य गट, पण लॅब बंद? स्कोअर शून्य किंवा उणे असेल आणि चोवीस तासांत उत्तर नक्की मिळणार असेल, तर मी डोस न देता थांबतो. स्कोअर १ असेल तर देतो.

आधी विचारा: काळी शौच, उलटीतून रक्त, गेल्या काही आठवड्यांत मेंदूत रक्तस्राव किंवा मोठं ऑपरेशन? पाठीत भूल द्यायची ठरली आहे का? ताप असेल तर प्लेटलेट पाहिल्याशिवाय सुई लावू नका. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पुण्यात ताप आणि सूज दोन्ही असलेला माणूस डेंग्यूचा असू शकतो, आणि प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर पूर्ण डोस द्यायचा नसतो. अशांना डोस न देता मोठ्या रुग्णालयात पाठवा.

बाकीच्यांचं सीबीसी, क्रिएटिनिन, लिव्हरच्या तपासण्या, पीटी-आयएनआर यांसाठी रक्त काढून ठेवा. रिपोर्टची वाट पाहत रात्र घालवू नका.

इनॉक्सापॅरिन: किलोला १ मिग्रॅ, पोटाच्या कातडीखाली, दर १२ तासांनी. क्रिएटिनिन क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर तोच डोस २४ तासांतून एकदा. वजन काट्यावर करा, "साठ असेल" असं नको. सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका, टोचल्यावर जागा चोळू नका.

इंजेक्शन नसेल तर रक्त पातळ करायची गोळी, रिव्हारोक्साबॅन १५ मिग्रॅ, जेवणासोबत, दिवसातून दोनदा. गरोदर किंवा अंगावर पाजणारी स्त्री, किडनी किंवा लिव्हर कमजोर, यांना ही गोळी नको.

नेहमीची चूक: सरसकट ४० मिग्रॅ. ती गुठळी होऊ नये म्हणून द्यायची मात्रा आहे. सत्तर किलोच्या माणसाला संशयित गुठळीवर ४० मिग्रॅ दिलं तर उपचार केल्याचं समाधान मिळतं, उपचार होत नाही.

त्याहून नेहमीची चूक: दुखतंय म्हणून कमरेत डायक्लोफिनॅक. रक्त पातळ करायचं औषध चालू असताना स्नायूत सुई मारली की तिथे रक्ताचा गोळा होतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्या.

टप्पा ७: पाठवताना आणि नंतर

चिठ्ठीवर नुसतं "डॉप्लर" लिहिलं की कधी कधी धमन्यांचा डॉप्लर होऊन येतो. असं लिहा: "उजव्या पायाचा व्हेनस डॉप्लर, जांघेपासून पोटरीपर्यंत, शीर दाबली जाते का ते पाहून." सोबत स्कोअरचे गुण वेगवेगळे, दोन्ही पोटऱ्यांची मापं, वजन, डी-डायमरचं रक्त किती वाजता काढलं आणि पहिला डोस किती वाजता, किती दिला. मी तर हे पेशंटच्या मुलाच्या मोबाईलमध्ये फोटो काढून पण ठेवायला सांगतो, कारण चिठ्ठी एसटीत विसरते.

दुसरा डोस कोण देणार? हे न ठरवता पेशंट सोडू नका. डॉप्लर सोमवारवर गेला तर मधले डोस चुकतात आणि कोणालाच पत्ता नसतो. दुसरी सिरिंज आणि वेळ लिहिलेला कागद हातात द्या.

रिपोर्ट आल्यावर गुठळी असेल तर उपचार पुढे, निदान तीन महिने, आणि कारणाचा शोध. डॉप्लर निगेटिव्ह असेल तर टप्पा ५ मध्ये काढलेला डी-डायमर पाहा. संभाव्य गट, डी-डायमर निगेटिव्ह, डॉप्लर निगेटिव्ह: औषध बंद, विषय संपला. संभाव्य गट, डी-डायमर पॉझिटिव्ह, पण मांडी-गुडघ्यापर्यंतचाच डॉप्लर निगेटिव्ह: औषध थांबवा, सहा ते आठ दिवसांनी डॉप्लर पुन्हा. पोटरीतली छोटी गुठळी वर सरकते ती याच दिवसांत.

ती तारीख केसपेपरवर लिहा, पेशंटच्या कागदावर लिहा, आणि सिस्टरच्या वहीत पेशंटच्या फोन नंबरसकट लिहा. सूज उतरली की माणूस स्वतःहून परत येत नाही, त्याला फोन करूनच बोलवावं लागतं.